तीनशे काड्या

त्या डिसेंबरात मी वर्गात पेढे वाटले. घरात कुणाचं लग्न ठरलं नव्हतं की मला बढती मिळाली नव्हती. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या अणूंचं संमीलन घडवून, त्यात घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर काढली, अशी बातमी सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर होती. श्रीगोंद्याच्या स्टँडसमोरून दोन किलो पेढे घेतले आणि अकरावी सायन्सच्या वर्गात शिरलो.

"सर, कशाचे पेढे?"

"सूर्याचे," मी म्हणालो.

मुलं हसली. मी मात्र खरोखरच भारावलो होतो. नगरला कॉलेजात असताना आमचे एक प्राध्यापक दर वर्षी हा विषय शिकवताना खडू ठेवून खिडकीशी जात आणि म्हणत, "तुम्ही चाळिशीत याल तेव्हा घरातला दिवा समुद्राच्या पाण्यावर लागलेला असेल." मला त्या शास्त्रात पुढं शिकायचं होतं, ते जमलं नाही. बी.एड. केलं आणि इथं फिजिक्स शिकवायला लागलो. पण ते वाक्य मी सोडलं नाही. वीस-बावीस वर्षं प्रत्येक बॅचला जवळजवळ त्याच शब्दांत सांगत आलो. माझी चाळिशी येऊन गेली, तरी वाक्य तेच राहिलं: "तुम्ही चाळिशीत याल तेव्हा." त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

पेढा हातात धरून, न खाता, तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, किती घातली आणि किती निघाली?"

"दोन भाग घातली, तीन भाग निघाली. जेवढी घातली तेवढी निघाली की त्याला ब्रेक-इव्हन म्हणतात. हे त्याच्याही पुढं गेलं."

"दोन कुठं मोजली, सर?"

प्रश्न मला नीट कळला नाही. "म्हणजे?"

"माझे पप्पा कारखान्यात बॉयलरवर आहेत. ते म्हणतात, टर्बाईन किती वीज करतं ते विचारू नको, फाटकाबाहेर किती जाते ते विचार. कारखाना स्वतःच बरीच खातो ना."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हिला पेढा कमी पडला."

वर्ग हसला, ती बसली, आणि मी तो प्रश्न तिथंच सोडून दिला.

आठवडाभरानं ती प्रयोगशाळेत वही घेऊन आली. मोबाईलवर शोधून, इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघून तिनं चार पानं लिहिली होती. घातलेले दोन भाग म्हणजे संमीलनासाठी ठेवलेल्या इंधनाच्या मिरीएवढ्या गोळीपर्यंत पोचलेला लेसरचा प्रकाश. तो प्रकाश तयार करायला यंत्रांनी तारेतून घेतलेली वीज होती साधारण तीनशे भाग. म्हणजे तीनशे घेऊन तीन.

"आणि सर, तुम्ही समुद्राचं पाणी म्हणाला होता."

"हो, मग? ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतंच की पाण्यात."

"ड्यूटेरियम असतं. पण ह्यांनी त्याच्याबरोबर ट्रिटियम, म्हणजे त्याहूनही जड हायड्रोजन, वापरलंय. ते समुद्रात मिळत नाही. ते बारा-तेरा वर्षांत निम्मं संपतं, म्हणून साठवूनही राहत नाही. लिथियमवर न्यूट्रॉन मारून तयार करावं लागतं, आणि ते न्यूट्रॉन यायचे ह्याच भट्टीतून."

"नुसत्या ड्यूटेरियमवरही होतं संमीलन."

"होतं. पण त्याला कितीतरी जास्त उष्णता लागते. साध्या हायड्रोजनबरोबर बोरॉन घेतलं तर भट्टीच्या भिंती खाणाऱ्या न्यूट्रॉनचा त्रास जवळजवळ नाही, पण उष्णता त्याहूनही जास्त. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, ओल्या बगॅससारखं हाय हे. जळतं, पण आधी सोताचंच पाणी वाळवत बसतं."

बगॅस म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर त्यावरच चालतात. उपमा अगदी चपखल होती. मी हसलोही. पण ती गेल्यावर वही घेऊन कितीतरी वेळ बसून राहिलो. ही माहिती कुणी लपवली नव्हती. शोधणाऱ्याला ती सापडत होती, सोळा वर्षांच्या मुलीला सापडली होती. मीच कधी शोधली नव्हती. तरीही मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. पेपरानं, त्या दूरच्या शास्त्रज्ञांनी, आणि सगळ्यांत जास्त खिडकीशी उभ्या राहणाऱ्या माझ्या प्राध्यापकांनी. ते खोटं बोलत नव्हते, त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार, हे कळत होतं. पण उमेदीची सगळी वर्षं ज्या वाक्यावर काढली, ते अर्धंच होतं, हे एका वहीच्या चार पानांतून कळावं याचा राग आला. तो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

जानेवारीत नगरला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. तिनं हाच विषय घेतला आणि मी मार्गदर्शक शिक्षक झालो. तिच्या दृष्टीनं ते साधं प्रदर्शन नव्हतं. घरच्यांना वाटे, बारावीनंतर तिनं नगरला फार्मसी करावी, दोन-तीन वर्षांत नोकरी. तिला पुण्याला जाऊन फिजिक्स शिकायचं होतं. जिल्ह्यातून राज्याला निवड झाली तर हो म्हणेन, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे पुढं जे केलं ते मी माहीत असून केलं.

तिनं प्लायवूडचा मोठा फळा आणला. त्यावर उजवीकडं तीन इंधनांची चित्रं होती, प्रत्येकाला किती उष्णता लागते ते लाल पट्ट्यांनी दाखवलेलं. मधोमध आगपेटीच्या काड्या. एक काडी म्हणजे ऊर्जेचा एक भाग. वर तीन काड्या, त्याखाली दोन, आणि त्याखाली, फळ्याचा सगळा खालचा भाग व्यापून, शेजारी शेजारी चिकटवलेल्या तीनशे. सारख्या अंतरावर, एकही वाकडी नाही. प्रत्येक काडीचं डोकं पात्यानं काढून टाकलेलं.

"डोकी कशाला काढलीस?"

"प्रदर्शनात मंडपाला आग नको, सर."

मला कौतुक वाटलं. एवढं बारीक काम हिनं कधी केलं, हे विचारावंसं मात्र वाटलं नाही.

खरं सांगायचं तर तो फळा बघवत नव्हता. तीन काड्या वर बिचाऱ्या दिसत होत्या, आणि खाली ते काड्यांचं रान. माझ्या बावीस वर्षांच्या शिकवण्याचं कुणीतरी चित्र काढून ठेवल्यासारखं. मी तिला म्हणालो, "हा खालचा भाग काढू या."

"का, सर?"

"बघणाऱ्याचं मन खचतं. प्रदर्शनात पुढं काय होईल ते दाखवायचं असतं. ती यंत्रं जुनी होती, उद्याची कमी वीज खातील."

"मग तसं लिहू ना बाजूला. पण हे खरंय ना, सर?"

"खरं आहे. पण सगळं खरं एका फळ्यावर मावत नाही."

हे वाक्य मी बोललो. शिक्षकाच्या तोंडी शोभेल असं वाटलं म्हणून जरा थांबून, सावकाश बोललो. ती काही क्षण फळ्याकडं बघत राहिली. मग मी टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं काड्या खरवडायला सुरुवात केली. तुटतील तशा त्या वर्तमानपत्रावर पडत होत्या. शेवटी कागद गुंडाळून तिनं पुडी केली आणि दप्तरात ठेवली. त्या जागी आम्ही सोनेरी कागदाचा सूर्य लावला. तो मीच कापला.

प्रदर्शनाच्या दिवशी तिचे वडील पाळी बदलून आले होते. गळीत हंगाम ऐन भरात असताना बॉयलरवरच्या माणसाला सुट्टी मिळणं सोपं नसतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते मंडपात मागं, खांबाला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. "सर, तुमच्यामुळं आली पोरगी हितवर."

परीक्षक एका कॉलेजातले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. इंधनांचा भाग तिनं सुरेख सांगितला. ट्रिटियम का लागतं, ते कुठून आणायचं, नुसत्या ड्यूटेरियमनं का भागत नाही. ते मान डोलवत होते. आसपासचे दोन-तीन शिक्षकही येऊन उभे राहिले. मग चष्मा वर करून त्यांनी सोनेरी सूर्यावर बोट ठेवलं.

"दोन आणि तीन कळलं. पण लेसरला वीज किती लागली?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तीनशे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो, सर."

"मग ते इथं का नाही? बाळ, नको असलेला आकडा झाकून ठेवायचा आणि हवा तो दाखवायचा, याला विज्ञानात फसवणूक म्हणतात."

तिनं परत माझ्याकडं बघितलं. परीक्षक माझ्याकडं वळले. "मार्गदर्शक आपण? तुम्हाला कल्पना होती याची?"

समोर शेजारच्या शाळांतले शिक्षक होते, त्यातल्या दोघांना मीच आदल्या वर्षी प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. आता सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

"नाही," मी म्हणालो. "फळा तयार झाल्यावर तिनं नंतर कुठंतरी वाचलं असेल."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. ती माझ्याकडं बघत नव्हती. सूर्याचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबत होती. मी खांबाकडं बघितलं. तिचे वडील आपल्या चपलांकडं बघत होते.

निवड झाली नाही. परतीच्या एस.टी.त ते दोघं पुढं बसले, मी फळा सांभाळत मागं. श्रीगोंद्याला उतरल्यावर वडील म्हणाले, "दमला असाल सर, चहा घेऊ." मी काम असल्याचं सांगून निघालो. फळा माझ्याकडंच राहिला. तो मी प्रयोगशाळेत कपाटामागं, तोंड भिंतीकडं करून ठेवला.

त्यानंतर सव्वा वर्ष ती माझ्या वर्गात होती. हे सांगायला सर्वांत अवघड. ती रागावली नाही, उलट बोलली नाही. तिसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली, एवढंच. हजेरीला "येस सर" म्हणायची. प्रश्न विचारणं बंद. मी रोज ठरवायचो, आज तास संपल्यावर थांबवून सांगू. रोज तास संपायचा, ती मैत्रिणींबरोबर निघून जायची, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. केंद्रकीय संमीलनाचा भाग आला तेव्हा मी तो पंधरा मिनिटांत उरकला. समुद्राचं नाव घेतलं नाही. तिनं वहीतून मान वर केली नाही. बारावीला फिजिक्समध्ये तिला चांगले मार्क पडले. तिनं फार्मसीला प्रवेश घेतला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचं निमंत्रण कॉलेजात आलं. दर हंगामाआधी हा कार्यक्रम असतो. एक जोडपं पूजेला बसतं, बॉयलरच्या भट्टीत लाकडं रचलेली असतात, मंत्र होतात आणि भट्टी पेटवतात. आदल्या वर्षी मी काहीतरी कारण काढून टाळलं होतं. त्या दिवशी गेलो.

सकाळचा कार्यक्रम आटोपला, मंडळी नाश्त्याच्या मंडपाकडं गेली. तिचे वडील भट्टीच्या दाराशी होते, कपाळाला गंध, हातात लांब सळई. मला बघून म्हणाले, "या सर. लई दिवसांनी."

शेजारी लाकडाचा ढीग होता. मी उगाच विचारलं, "एवढं लाकूड कशाला? बगॅस नाही का?"

"बगॅस कुठला आत्ता? ऊस गाळला तर बगॅस, आन् गाळायला वाफ पाहिजे. पहिला जाळ बाहेरच्या लाकडावर. मधी मिल बंद पडली तरी पुन्हा हेच. दिसत न्हाई कुणाला, पण हे धरल्याबिगर हिशेब लागत न्हाई."

ते सहज बोलत होते, मला टोचावं म्हणून नाही. पण मला आता थांबता येईना. मी म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या फळ्यावरच्या तीनशे काड्या तिनं लपवल्या नव्हत्या. मी काढायला लावल्या. आणि परीक्षकांना मी खोटं सांगितलं."

त्यांनी सळई भिंतीला टेकवली.

"माहीत हाय, सर."

"तिनं सांगितलं?"

"ती कशाला सांगंल. काड्या मी चिकटवल्या ना. चार दिवस, पाळीवरून आल्यावर. डोकी पन मीच काढली. पोरगी म्हनली, पप्पा, एकपन वाकडी नको."

त्या मंडपात खांबाला टेकून उभा असलेला हा माणूस माझं वाक्य ऐकत होता, आणि त्या मंडपात ते खोटं आहे हे ठाऊक असलेला तिसरा माणूस तोच होता.

"तुम्ही बोलला का नाही तेव्हा?"

"चारचौघात सरांना खोटं पाडायचं? माझी लेक तुमच्या हाताखाली शिकत व्हती." मग म्हणाले, "आन् मला वाटलं, सर सोता सांगतील. आज न्हाई तर उद्या. एस.टी.त वाटलं. उतरल्यावर चहाला म्हनलो, तवाबी वाटलं."

"माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? तिला सांगा."

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी गेलो. त्याआधी शिक्षण विभागाला सगळं खरं लिहून पत्र दिलं होतं. तिथल्या कारकुनानं ते वाचून विचारलं होतं, "याचं आता काय करायचं, सर?" आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला होता. तो कागद मी बरोबर नेला.

तिनं पाणी आणलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. प्राध्यापकांचं, माझ्या बावीस वर्षांचं, फळा का बघवत नव्हता तेही. तिनं मध्येच थांबवलं नाही. पत्राची प्रत तिनं वाचली आणि घडी घालून परत दिली.

"परीक्षक बोलले त्याचं मला एवढं काही वाटलं नाही, सर. त्यांचं बरोबरच होतं. मी तुमच्याकडं बघत होते. म्हटलं, आता सांगतील."

"अजून वेळ गेलेली नाही. फिजिक्सला प्रवेश बदलून घेता येईल. मी पुण्याला बोलतो कुणाशी तरी."

"नको. फार्मसी चांगली चाललीय." मग म्हणाली, "फिजिक्स आवडायचं ते तुमच्यामुळं, सर. ते आता वेगळं काढता येत नाही."

चुलीजवळच्या फळीवर तिच्या आईनं डबे मांडले होते. त्यांच्या मागं वर्तमानपत्राची ती पुडी मला दिसली. मी म्हणालो, "त्या काड्या देशील? फळा आहे माझ्याकडं. होता तसा करतो."

"नाही, सर. त्या माझ्या आहेत. तुम्ही नव्या आणा."

दारात बसलेले तिचे वडील म्हणाले, "डोकी काढाया इसरू नका." ती हसली. वडिलांकडं बघून हसली, माझ्याकडं नाही.

मी सात-आठ आगपेट्या आणल्या. सोनेरी सूर्य ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर प्लायवूडचा पापुद्राही निघाला. पात्यानं डोकी काढताना पहिल्याच दिवशी बोट कापलं. तिच्या वडिलांना चार दिवस लागले होते, मला नऊ लागले, आणि तरी बऱ्याच काड्या वाकड्या आहेत. फळ्याखाली कागद लावला आहे: ही मांडणी माझ्या विद्यार्थिनीची, ती झाकण्याचा सल्ला माझा. खाली माझी सही.

आता नव्या बॅचला संमीलन शिकवताना मी सगळ्यांना त्या फळ्यापाशी नेतो. दोन, तीन आणि तीनशे मोजायला लावतो. इंधनांची चित्रं दाखवतो, ट्रिटियम कुठून आणायचं हे अजून सुटलेलं नाही ते सांगतो, माणसं त्यावर काम करताहेत आणि आकडे सुधारताहेत हेही सांगतो. तुम्ही चाळिशीत याल तेव्हा काय होईल, ते मला माहीत नाही असं म्हणतो. मग कागद वाचून दाखवतो.

यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्या ताई आता कुठं करतात फिजिक्स?"

"फार्मसीला आहे ती," मी म्हणालो.

तिला पुढं काही विचारायचं होतं. विचारू की नको असं करत ती फळ्याकडं बघत राहिली. मी खडू खाली ठेवला आणि तिच्या प्रश्नासाठी थांबलो.